बोलावलं की येणारी शकू

बबलूचे ओठ निळे पडले होते आणि शकूच्या हातात इंजेक्शन एकच होतं.

बबलूच्या बाजूला माझा मुलगा दिलीप उताणा पडला होता. त्याच्या घशातून घोरल्यासारखा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दोघांनी मिळून नशेची सुई मारली होती. खोली नागपूरच्या इतवारीतल्या धान्याच्या गोदामामागची, फाटके पोते टाकायची. मे महिन्याची दुपार होती. वरचा पत्रा असा तापला होता की आत श्वास घ्यायलाच होत नव्हतं.

शकूने दोघांच्या तोंडाजवळ कान नेला. गळ्यावर बोट ठेवून पाहिलं. मग काचेच्या कुपीची मान मोडली, औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि बबलूकडे सरकली. हे औषध नशा उतरवतं. सुईने बंद पडलेला श्वास त्याने परत येतो. ती काम करायची त्या संस्थेच्या नर्सबाईंनी ते द्यायला तिला शिकवलं होतं.

"याले दे," मी ओरडले. "माह्या पोराले दे आधी!"

"दिलीपचा श्वास आहे. याचा नाही."

"त्याचाही बंद पडून राहिला! दिसत नाही काय तुले?"

"म्हणून तू फुंक. मान मागं कर त्याची. नाक दाब, तोंडाले तोंड लाव अन् फुंक."

मी तिला शिवी दिली. बाईने बाईला देऊ नये अशी.

"शिव्या नंतर दे, मावशी. आता फुंक."

मी फुंकलं.

ही शकू कोण, ते सांगते.

दिलीप टेम्पो चालवायचा. सुईच्या नादाला लागला आणि टेम्पो सुटला. एकमेकांच्या सुया वापरून त्याला एचआयव्ही झाला. हे मला त्याने सांगितलं नाही. एक दिवस तो एका बाईला घेऊन घरी आला आणि म्हणाला, "हे शकूताई. हे सांगतीन तुले." आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

बाई काळीसावळी, हाडकुळी, केस बारीक कापलेले. गळ्यात कापडी झोळी आणि झोळीत दोन फोन. ती खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, चहा पाजतं काय?"

मला राग आला. ओळख नाही, पाळख नाही, आणि चहा मागते. पण मांडला. चहा पिता पिता तिने सांगितलं, दिलीपला काय आहे, ते कशाने होतं आणि कशाने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही, कपड्याने होत नाही. रोज गोळी घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मलेही आहे. मीही सुई मारत होती."

'माझं माहेर भंडाऱ्याचं' असं कोणी सांगावं, तितक्या सहज.

मी तिच्या कपाकडे पाहिलं. ती हसली. "आता फेकतं काय हा कप?"

"घरात तीनच कप आहेत," मी म्हणाले. "फेकला तर मी कशात पिऊ?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढे मला कळलं, ती प्रत्येक घरात आधी चहा मागायची आणि मग सांगायची. चहा पिऊन झाल्यावर सांगितलं की घरातल्या माणसाचा खरा चेहरा दिसतो, असं तिचं म्हणणं. कोणी तिच्यासमोरच कप उकिरड्यावर टाकला, तरी ती दुसऱ्या दिवशी त्याच घरी जायची आणि म्हणायची, "आज पेपरच्या गिलासात दे, पण दे."

तिच्या स्वतःच्या गोष्टीत फार काही नव्हतं. नवऱ्याने सुई लावली. नवरा मेला. ती मेली नाही. एवढंच सांगायची. कोणी डोळ्यात पाणी आणलं तर तिला सहन व्हायचं नाही. आमच्या वस्तीत एका बाईने तिच्यापुढे रडायला सुरुवात केली, तर शकू म्हणाली, "रडायचं असन तं नळावर जाऊन रड वं. रडता रडता पाण्याचा गुंड तरी भरन." ती बाई रडता रडता हसली आणि खरंच गुंड घेऊन नळावर गेली.

शकू ज्या संस्थेत काम करायची, तिने एक ॲप काढलं होतं. फोनमध्ये टाकायचं. गोळीची वेळ झाली की ते आवाज देतं. गोळी घेतली की हिरवं बटण दाबायचं, नाही घेतली तर पिवळं. सुईची ओढ लागली तर त्याला वेगळं बटण. आणि एक लाल. लाल दाबलं की शकूच्या फोनवर घंटा वाजते आणि दाबणारा कुठे आहे ते दिसतं. घरच्या एका माणसाच्या फोनवरही तशीच वाजते. दिलीपच्या घरचं माणूस म्हणजे मी. मी चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, म्हणून शकूने माझ्याही फोनमध्ये ते टाकून दिलं.

बटण दाबणारा जिथून दाबेल तिथे शकू पोचणार, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पोलीस येणार नाहीत, घरच्यांची बोलणी खावी लागणार नाहीत. आपण येऊ, एवढंच.

ॲप बनवणारी पोरगी मिहानकडच्या एका कंपनीत होती. चांगली पोरगी. ती एकदा इतवारीत आली आणि आमच्यात मांडी घालून बसली. तिने विचारलं, फोनवर कोणतं चित्र ठेवू, म्हणजे दुसऱ्याने पाहिलं तरी तुमची अडचण होणार नाही? कोणी म्हणालं देव ठेवा, कोणी म्हणालं झाड. दिलीप म्हणाला, "संत्रा ठेवा. नागपुरात संत्र्याले कोण पुसते?"

संत्रा ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे गोळीला संत्रा म्हणायला लागले.

आधी त्या ॲपमध्ये कोण्या शहरी बाईचा गोड आवाज होता. "कृपया आपले औषध घ्यावे." पोरं खो खो हसायची. मग त्याच पोरीने शकूचा आवाज भरून घेतला. आता फोन ओरडायचा, "काय गा, गिळला काय संत्रा? का मी येऊ कोंबायले?" दिलीप टेम्पोस्टँडवर मित्रांमध्ये बसला असताना हे ओरडलं तर सगळ्यांना वाटायचं बायको आहे.

आमच्या शेजारच्या कुसुमने एकदा माझ्या फोनवर ते चित्र पाहिलं. तिला वाटलं, मंडीचे भाव कळतात. "पाहा ना वं, संत्रा काय भाव आहे आज?" मी काय सांगू? मी म्हणाले, "महाग आहे." ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी पुन्हा म्हणाले, महाग आहे. शेवटी तिने शकूला वाटेत गाठलं. शकूने झोळीतून फोन काढला, गंभीर तोंड केलं आणि म्हणाली, "बाई, हे ठोकवाल्यांसाठी आहे. तुले पोतंभर घ्यायचे काय?" कुसुमने पुन्हा विचारलं नाही.

पण ॲप चाललं नाही. म्हणजे चाललं, पण खोटं चाललं. सगळे रोज हिरवं दाबायचे. लग्नाला गावी गेलेला माणूस, गोळ्या घरी विसरलेला, तोही हिरवं. दवाखान्यात भरती झालेला एकजण, तोही पलंगावरून हिरवं. आमच्याकडे कोणी दारात येऊन 'जेवले का?' विचारलं तर उपाशी माणूसही 'हो, आताच जेवलो' म्हणतो. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. तसंच हे. शकूताई एवढी धावपळ करते, तिला 'नाही' कसं सांगायचं?

शकू रागावली नाही. तिने सगळ्यांना एका रविवारी तर्री-पोह्याच्या गाड्यावर बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून जो पिवळं दाबन त्याले पोहे. हिरवं दाबणाऱ्याले काही नाही. त्याले गोळी भेटलीच आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पिवळं दाबलं. ज्यांनी गोळी घेतली होती त्यांनीही.

तिने सगळ्यांना पोहे खाऊ घातले. मी तिला म्हणाले, "तुले येड्यात काढून राहिले हे लोक." ती पोह्यांवर कांदा टाकत होती. तिला प्रत्येक गोष्टीवर कच्चा कांदा लागायचा, चहा सोडून. म्हणाली, "काढू दे ना. पण 'नाही' म्हणायले तोंड तं उघडलं, मावशी. आता खरं 'नाही' म्हणणं सोपं जाईन."

आणि खरंच तसं झालं. हळूहळू खरे पिवळे दिसायला लागले. पिवळं आलं की ती त्या माणसाच्या घरी जायची. रागवायची नाही, शिकवायची नाही. गोळी का चुकली तेवढं विचारायची. एकाचं उत्तर होतं, गोळी घेतली की मळमळतं आणि पोटात काही नसतं. तिने त्याच्या बहिणीशी बोलून गोळीच्या आधी भाकरीचा तुकडा ठेवायला लावला. एवढंच. पण त्याचं पिवळं बंद झालं.

आता बबलूबद्दल सांगते. बबलू म्हणजे हमालाचा पोरगा, स्वतःही हमाल, पोत्यासारखा मजबूत आणि डोक्याने टारगट. त्याला लाल बटणाची गंमत वाटायची. चहाच्या टपरीवर बसून दाबायचा. शकू यायची. उन्हात, चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून, तिच्या खडखड करणाऱ्या स्कूटीवर, इतवारीच्या हातगाड्या आणि टेम्पोंमधून शिव्या देत. बबलू हसत बसलेला असायचा.

"काही नाही ताई. पाहून राहिलो, येतं का नाही."

"आली ना?"

"आली."

"मंग ठीक आहे." पाण्याचा ग्लास मागायची, प्यायची आणि जायची.

तो पुन्हा दाबायचा. ती पुन्हा यायची. कधी जेवण सोडून, कधी दवाखान्याच्या रांगेतून. एकदा तर एकाच दिवशी त्याने इतक्या वेळा दाबलं की टपरीवाल्यालाच राग आला आणि त्याने बबलूच्या कानाखाली वाजवली. शकूने उलट टपरीवाल्यालाच झापलं, "त्याले काहून मारतं? त्यानं मले बोलावलं, तुले नाही."

मला हे बघवायचं नाही. मी गोदामात धान्य चाळते. माझे दिवसभर हात चालतात आणि मला बिनकामाचं धावणं आवडत नाही. एक दिवस मी तिला पकडलं. "येडी आहे काय वं तू? तो मजा करून राहिला, तू धावून राहिली. एखादे दिवशी नको जाऊ, म्हणजे अक्कल येईन त्याले."

ती भिंतीला टेकून बसली होती. दुपट्ट्याने मान पुसत म्हणाली, "मावशी, सुई मारणारा माणूस कोणाले बोलवत नाही. लय वाईट झालं तरी नाही. आई मारन, पोलीस धरन, लोक थुंकतीन, हेच त्याच्या डोक्यात. हा तं खोटं खोटं का होईना, बोलवून राहिला. एक दिवस मी नाही गेली, तं खऱ्या दिवशी तो बटण दाबणार नाही."

"अन् रोजच खोटं असलं तं?"

"तं बरंच आहे की. रोज खोटं असावं."

मी आयुष्यात फार माणसांना मानलं नाही. नवऱ्याला नाही, गोदामाच्या मालकाला तर नाहीच. त्या दिवशी त्या हाडकुळ्या बाईकडे पाहिलं आणि माझी चाळणी हातातच राहिली.

तसंच एकदा आणखी झालं. तिच्या झोळीतला फोन माझ्याजवळ राहिला होता. त्यावर संत्र्याचं चित्र होतं. उघडं होतं, म्हणून मला दिसलं. तिच्या स्वतःच्या नावापुढे त्या दिवशीचं हिरवं होतं. आणि त्याच्या खाली ओढीचं बटणही दाबलेलं होतं. मला वाटलं चुकून दाबलं असेल. ती फोन घ्यायला आली तेव्हा मी विचारलं.

"चुकून नाही," ती म्हणाली. "येते ना ओढ."

"अजून? तू तं कधीची सोडली."

"सोडली मी, मावशी. तिनं मले सोडलं नाही. रोज येते. मी सकाळी दाबतो अन् कामाले लागतो."

तिने फोन झोळीत टाकला आणि स्कूटीला किक मारली. स्कूटी सुरू होईना. ती तिला बैलाला देतात तशा शिव्या देत राहिली. मी दारात उभी राहून पाहत होते. ही बाई नशेबाजांच्या घरात दिवसभर फिरते, सुया उचलते, ज्या वासाने तिचा जीव तिकडे ओढला जातो त्याच वासात बसते आणि संध्याकाळी भाजी घेऊन नंदनवन वस्तीतल्या आपल्या खोलीवर जाते. माझ्याकडे याला शब्द नाही. मला फक्त एवढं कळलं की असं मी करू शकले नसते.

तर ती मे महिन्याची दुपार.

माझ्या फोनवर घंटा वाजली. मी उचललं नाही. बबलू आणि दिलीप सकाळपासून सोबत होते, मला वाटलं, चालली यांची थट्टा. मग शकूचा फोन आला. "मावशी, तुह्या गोदामाच्या मागं दाखवून राहिलं. तू जवळ आहे. जाऊन पाय, मी येऊन राहिली."

"बबलूच असन. नेहमीचंच."

"पाय ना वं!"

मी गेले. दार आतून लोटलेलं होतं, मी खांद्याने ढकललं. मग दोघं दिसले. बबलूच्या हातात दिलीपचा फोन होता, बबलूचा अंगठा अजून काचेवर. सुई दोघांना भारी पडली होती. दिलीप आधी कोसळला, ते पाहून बबलूने बटण दाबलं आणि मग तोही पडला. हे त्याने नंतर सांगितलं.

शकू कशी आली, मला माहीत नाही. गल्लीत मिरचीच्या पोत्यांचा टेम्पो आडवा लागला होता, म्हणून तिने स्कूटी नाक्यावर टाकली आणि पळत आली. पळता पळता एक चप्पल कुठे तरी राहिली. ॲम्ब्युलन्सला ती फोनवर रस्ता सांगत होती आणि दुसऱ्या हाताने झोळीत शोधत होती. औषधाच्या कुप्या तिच्याजवळ दोन असायच्या. त्यातली एक आठवड्याआधी दुसऱ्या वस्तीत लागली होती आणि तिच्या बदली नवी आली नव्हती.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं. तिने बबलूच्या मांडीत सुई टोचली आणि लगेच त्याच्या तोंडात फुंकायला लागली. मी इकडे दिलीपच्या. ती मध्येच मान वळवून माझ्याकडे पाहायची.

"छाती वर येते काय?"

"येते."

"मंग फुंकत राय. घाई नको करू. हळू."

मी फुंकत होते आणि मनात तिला शाप देत होते. माझा पोरगा मेला तर हिला मी सोडणार नाही, असंच माझ्या मनात होतं. खोटं कशाला सांगू? पोत्यांच्या धुळीने माझ्या घशात खरखर झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी थांबले तर ती ओरडली, "मावशी!" मी पुन्हा फुंकलं.

तेवढ्यात बबलू खोकला. जोरात, जनावरासारखा. त्याने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे शकूला ढकललं. सुईची नशा एकदम उतरली की माणूस चिडतो. ती पडली, उठली, त्याला कुशीवर वळवलं आणि गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आली.

"हट. आता मी."

मी सरकले. तिने दिलीपची मान आणखी मागे केली, त्याच्या तोंडातून बोटाने लाळ काढली आणि फुंकायला लागली. कोणत्याही औषधाशिवाय. नुसतं फुंकत राहिली. मी तिच्या पाठीकडे पाहत होते. कुडता घामाने पूर्ण चिकटला होता आणि पाठीची हाडं एक एक दिसत होती. एवढ्या लहान छातीत एवढी हवा कुठून येत होती, मला माहीत नाही.

ॲम्ब्युलन्स गल्लीत येऊ शकली नाही. गोदामातले हमाल धावले. त्यांनी हातगाडीवरचे गव्हाचे पोते खाली फेकले आणि दोघांना गाडीवर घातलं. बबलू ओरडत होता, "मले काही झालं नाही." शकू गाडीवरच चढली, दिलीपच्या उशाशी गुडघे टेकून, आणि गाडी चालत असताना फुंकत राहिली. इतवारीची गल्ली. दोन्हीकडून व्यापारी बाहेर येऊन पाहत होते. कोणी रस्ता अडवला की हमाल "बाजूले व्हा बे!" ओरडायचे. ती मान वर करून श्वास घ्यायची, खाली वाकायची, पुन्हा वर यायची. मी मागे धावत होते.

नाक्यावर ॲम्ब्युलन्सच्या माणसाने दिलीपला ऑक्सिजन लावला, त्यांच्याजवळचं औषध दिलं. आत बसायला एकाच माणसाला जागा होती. शकूने मला आत ढकललं.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात आली. मी तिला विचारलं, "बबलूले आधी काहून दिलं?"

"त्याचा श्वास बंद होता."

"दिलीप तुहा भाऊ असता तं?"

"तरी बबलूलेच दिलं असतं." मग म्हणाली, "पण तू फुंकत नसती तं मले लय जड गेलं असतं, मावशी."

पावसाळ्यानंतर तिला चंद्रपूरला पाठवलं. तिथे नवीन काम सुरू झालं आहे. कधी कधी फोन करते, मध्येच ठेवून देते, कोणी तरी बोलावलेलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती त्या नाक्यावरचीच येते. दार बंद झालं तेव्हा मी ॲम्ब्युलन्सच्या काचेतून पाहिलं. तापलेल्या डांबरावर ती एका पायावर उभी होती, दुसरा पाय त्या पायावर घासत. एक हमाल स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवत होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तिचं लक्ष झोळीतल्या फोनकडे होतं.

बबलू पुन्हा पोते उचलतो. दिलीप महिना दोन महिने धड राहतो, मग घसरतो, मग परत येतो. पिवळं दाबतो, कधी लाल. शकूच्या जागी आता दुसरी बाई येते. दिलीप सुधारला असं मी म्हणणार नाही.

त्या दुपारी त्या खोलीत दोघं पडले होते. दोघंही जगले.